एकच ओर्वाल, तीन वयांची: मित्रांसोबत चाखताना सापडलेले वासाचे शब्द

गव्हाळ

बेल्जियममधल्या लूवेनला राहायला येऊन सहा वर्षं झाली. एवढ्या काळात ओर्वाल ही बियर पन्नासेक वेळा तरी प्यायलो असेन, पण ती नीट कळली गेल्या शनिवारी. म्हणून हा धागा.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, आमचा सांगलीचा मित्र (तोही इथे चिपच्या संशोधनात आहे) आणि पुण्याहून आलेली माझी मावसबहीण. टेबलावर एकाच बियरच्या तीन बाटल्या: एक दोन महिन्यांची, एक दहा महिन्यांची आणि एक तीन वर्षांची. प्रत्येकी ३३ सेंटिलिटर, म्हणजे माणशी जेमतेम पाव लिटर. एवढ्याला आम्ही अडीच तास घेतले.

ओर्वाल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ याच नावाचा मठ आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, जुना मठ उद्ध्वस्त झाला. १९२६ पासून तो पुन्हा उभारायला घेतला आणि त्या बांधकामाला पैसा हवा म्हणून १९३१ मध्ये मठाच्या आवारात ब्रुअरी सुरू झाली. लेबलावर एक मासा आहे, त्याच्या तोंडात अंगठी. टस्कनीच्या माटिल्डा या सरदार घराण्यातल्या बाईंची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली, त्यांनी प्रार्थना केली आणि एक ट्राउट मासा ती तोंडात धरून वर आला, अशी आख्यायिका. तो झरा अजून वाहतोय.

बियर बनवणारे बाकीचे मठ दोन-तीन किंवा जास्त प्रकारच्या बियर विकतात. ओर्वाल बाहेर विकतात ती ही एकच. पण एकच म्हणायची आणि ती दर महिन्याला वेगळी लागते! बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट जातं आणि ते वर्षानुवर्षं आत काम करत राहतं. म्हणून लेबलावर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते आणि मुदत तिथून पाच वर्षांची. शेजारच्या आजोबांनी मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं की सहा घे, दोन पी, चार तळघरात ठेव आणि विसरून जा. त्यांचं ऐकलं हे बरं झालं.

तयारी अशी. बाटल्या दोन दिवस आधीपासून तळघरात उभ्या ठेवल्या होत्या, म्हणजे गाळ तळाशी बसतो. तळघरात या दिवसांत तेरा अंशांच्या आसपास असतं. फ्रिजला हात लावला नाही. ग्लास तिरका धरून एका दमात, न थांबता ओतायची आणि शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवायचं, कारण त्यात यीस्टचा गाळ असतो. मधे तोंड स्वच्छ करायला साधं पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा.

आणि बायकोने एक अट घातली. वास आणि चव सांगताना इंग्रजी शब्द चालणार नाही. ‘फंकी’ नाही, ‘फ्रूटी’ नाही, ‘ड्राय’ नाही. नाकाला जे आठवेल ते मराठीत सांगायचं.

पहिली, दोन महिन्यांची. रंग शेंदरी-तांबूस. फेस इतका की अर्धा ग्लास त्यानेच भरला, अंड्याचा पांढरा बलक फेटल्यासारखा घट्ट. या बियरमध्ये आंबवणी झाल्यावर पुन्हा सुकी हॉप्स (बियरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) मुरवतात, त्यामुळे ताजेपणी हॉप्सचा वासच पुढे येतो. मावसबहीण म्हणाली, “संत्र सोलताना जो तुषार उडतो ना, तो.” बायको म्हणाली, “हिरवट. लिंबाचं पान चुरगळल्यावर येतो तसा.” कडूपणा स्वच्छ, जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ टिकणारा. सगळ्यांना आवडली.

दुसरी, दहा महिन्यांची. कडूपणा उतरलेला, संत्र मागे गेलेलं आणि समोर काहीतरी वेगळंच उभं. चौघंही गप्प. ग्लास फिरवतोय, नाकाला लावतोय, शब्द सापडत नाही. मग सांगलीचा मित्र एकदम म्हणाला, “कडब्याची गंजी. आजोबांच्या गोठ्याशेजारी कडबा रचून ठेवायचे. वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर त्या गंजीतून जो वास येतो, तो हा.”

त्याने म्हटलं आणि आम्हा सगळ्यांना तोच वास आला. माझ्या बहिणीने आयुष्यात कडब्याची गंजी जवळून पाहिलेली नाही, तरी ती म्हणाली, “हो, असंच असणार.” बियरवाले याला इंग्रजीत घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतात. ते वाचून मी वर्षानुवर्षं मान डोलावली होती. घोड्याची घोंगडी मी कुठे हुंगलीये? गंजी मात्र मला माहीत आहे.

तिसरी, तीन वर्षांची. झाकण उघडताना आवाज मोठा, बुडबुडे बारीक आणि तिखट, जिभेला टोचणारे. गोडवा नावालाही नाही. कडूपणा जवळपास गेलेला, त्याच्या जागी तुरटपणा, आवळा खाल्ल्यानंतर राहतो तसा. वास चामड्याचा, जुन्या पाकिटाचा आणि त्याच्या खाली कुठेतरी वाळवलेल्या अननसाचा. बायकोला ही सर्वांत आवडली, बहिणीला अजिबात नाही.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. कोणी असं एकाच बियरचं वेगवेगळं वय चाखलंय का? आणि वासाचे तुमचे शब्द कोणते?

पाऊसवेडा

वा! गंजीपाशी मी थांबून पुन्हा वाचलं. आमच्याकडे बार्शीला अगदी हाच वास.

एक शंका. बाटली बंद असताना हे यीस्ट आत तीन वर्षं खातं तरी काय? साखर तर आधीच संपली असेल ना?

आंबवण

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बियर बनवतो, म्हणून उत्तर देतो.

नेहमीचं बियरचं यीस्ट साध्या साखरा खातं आणि थांबतं. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) लांब साखळीच्या साखरा, ज्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात, त्या त्याला पचत नाहीत. बियरला जो अंग असल्यासारखा भरीवपणा येतो, त्यात यांचा मोठा वाटा. ब्रेटानोमायसिसला मात्र त्या फोडता येतात. ते सावकाश, महिनोन्महिने, उरलंसुरलं खात बसतं. म्हणून जुनी बाटली कोरडी लागते, बुडबुडे वाढतात आणि लेबलावरच्या ६.२ टक्क्यांपेक्षा अल्कोहोलही किंचित चढतं. काच जाड का असते, तेही यातूनच कळेल.

कडब्याचा आणि चामड्याचा वास हा या यीस्टने बनवलेल्या फिनॉल नावाच्या वासद्रव्यांचा. अननस एस्टर नावाच्या वासद्रव्यांचं. हॉप्सचा सुगंध आणि कडूपणा मात्र वयाबरोबर आपोआप उतरत जातो, म्हणून एक वास मागे सरतो आणि दुसरा पुढे येतो. धागालेखकांच्या चौघांनी हे नेमकं टिपलंय.

नावाचीही गोष्ट सांगतो. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसन यांना इंग्लंडच्या जुन्या, मुरवलेल्या बियरमध्ये हे यीस्ट सापडलं. म्हणून ‘ब्रिटिश बुरशी’ अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. आज ते नाव घेतलं की सगळ्यांना बेल्जियम आठवतं.

आमच्या ब्रुअरीत ते आणायची माझी हिंमत नाही. एकदा पाइपात, रबरी वॉशरच्या खाचेत जाऊन बसलं की पुढच्या प्रत्येक टाकीत डोकावतं. ज्यांना त्याच्यासोबत काम करायचं असतं, ते पाइप, पंप, सगळं वेगळं ठेवतात.

ताम्हण

मी पीत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. मनापासून विचारते, मठातले साधू दारू गाळतात हे त्यांच्या धर्माला कसं चालतं? आणि पैसा कुठे जातो?

गव्हाळ

ताम्हण, चांगला प्रश्न. ही मंडळी संत बेनेडिक्टचा नियम पाळतात. आपल्या हातच्या कष्टावर जगावं, असं त्यात आहे. कुठे चीज करतात, कुठे पाव, कुठे बियर. ओर्वालला चीजही करतात आणि ते फार सुरेख असतं.

१९९७ मध्ये ट्रॅपिस्ट, म्हणजे हाच नियम कडकपणे पाळणाऱ्या एका शाखेच्या, मठांनी मिळून संघटना काढली आणि षटकोनी शिक्का ठरवला. तो मिळायला तीन गोष्टी लागतात. उत्पादन मठाच्या आवारातच व्हायला हवं, साधूंच्या देखरेखीखाली व्हायला हवं आणि कमाई मठाच्या गरजांना आणि लोकांच्या मदतीला जायला हवी. बेल्जियममध्ये आज शिमे, ओर्वाल, रोशफोर, वेस्टमाले आणि वेस्टव्लेटेरेन हे पाच उरलेत. सहावा आखेल. तिथले शेवटचे साधू मठ सोडून गेले आणि २०२१ मध्ये त्या बियरचा शिक्का गेला. ब्रुअरी चालू होती, बियरही तीच. पण देखरेखीला साधू नाहीत, म्हणून शिक्का नाही. ही बातमी वाचली त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं होतं.

‘ॲबी बियर’ असं लिहिलेल्या बाटल्या वेगळ्या. त्यांच्यावर मठाचं नाव असतं, पण बियर बहुधा बाहेरच्या ब्रुअरीत बनते. वाईट असतात असं नाही, फक्त फरक माहीत असावा.

मांडवी

आमच्या गोंयात हे सगळं झाडावरच होतं. रेंदेर सकाळी माडावर चढून सूर, म्हणजे माडी, उतरवतो. त्यात यीस्ट कोणी टाकत नाही, ते हवेतून, मडक्यातून येतं. सकाळी गोड, दुपारी चुरचुरीत, संध्याकाळी आंबूस आणि दोन-तीन आठवडे ठेवली तर व्हिनेगर. आजी त्याच सुरेने सान्नांचं (इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचं) पीठ फुगवायची. त्या पिठाच्या टोपावरचं फडकं काढलं की जो वास यायचा, तो मला ब्रसेल्समध्ये एका लॅम्बिकच्या ग्लासात आला. डोळ्यांत पाणीच आलं.

लॅम्बिक म्हणजे ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडच्या पायोटनलांड भागातली बियर. उकळलेला रस रात्रभर उथळ, पसरट तांब्याच्या टाकीत उघडा ठेवतात आणि हवेतलं यीस्ट त्यात उतरतं. थंडीच्या महिन्यांतच करतात, कारण उन्हाळ्यात नको ते जिवाणू फार. मग लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं. वेगवेगळ्या वयाची पिंपं एकत्र केली की ग्योझ. ब्रसेल्सच्या आंडरलेख्टमध्ये कांतियाँ म्हणून १९०० सालची ब्रुअरी आहे, तिथे ती टाकी माळ्यावर बघायला मिळते.

माझा शब्द: आंबूस. पण आंबट नव्हे. आंबट म्हणजे चिंच. आंबूस म्हणजे ज्यात काहीतरी जिवंत आहे.

गव्हाळ

मांडवी, ‘ज्यात काहीतरी जिवंत आहे’! हे मी वहीत लिहून ठेवलं.

कडबोळं

माझा अनुभव सांगतो, कारण अजून राग जात नाही. दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका बारमध्ये मित्राच्या वाढदिवसाला आम्ही बेल्जियन पद्धतीची ट्रिपल मागवली. नऊ टक्क्यांची, महाग. वेटरने फ्रीजरमधून बर्फाने पांढरा झालेला मग काढला आणि त्यात ओतली. फेस मेला, वास शून्य. थंडगार पाणी प्यावं तशी लागली. आम्ही म्हटलं, साधा ग्लास द्या. मॅनेजर म्हणाला, इथे सगळे अशीच पितात. वाद नको म्हणून तासभर तो मग हातात धरून बसलो. तासाने ग्लास ऊबेला आला तेव्हा शेवटच्या तीन घोटांत कळलं की अरे, ही तर काय सुंदर बियर आहे! लवंग, पिकलेलं केळं, मधासारखा गोडवा. तीन घोट.

आंबवण

कडबोळं, तुमचा राग पटतो. जीभ गार पडली की चव बधिर होते, आणि बियर गार असली की तिच्यातला सुगंध बाहेर पडत नाही. लागर तहान भागवायला प्यायची, तिथे गारवा चालतो. पण बेल्जियन पद्धतीच्या बियरचं निम्मं काम यीस्ट करतं. लवंगेसारखा वास, केळ्यासारखा वास, हे मसाला किंवा फळ घालून आलेलं नसतं, तर यीस्ट आंबवताना बनवतं. ते गारठवून टाकलं तर उरलं काय? आमच्याकडे ग्राहक गार मागतात, आम्ही देतो, पण दोन्ही हातांत धरून दहा मिनिटं थांबा असं मी टेबलाजवळ जाऊन सांगतो. थांबतात, आणि पुढच्या वेळी स्वतःहून कमी गार मागतात.

बेल्जियममध्ये कॅफेत ओर्वाल मागितली की फ्रिजमधली हवी की तळघरातली, असं विचारणारे असतात. आपल्याकडे तळघर नाही, पण फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं ओट्यावर ठेवणं कोणालाही जमेल. मे महिन्यात दहा मिनिटं.

हातसडी

आंबवण, तुमच्याकडची विटबियर, ती गव्हाची, मी प्यायलेय का कोण जाणे, पण पुण्यात ती बहुतेक मायक्रोब्रुअऱ्यांत मिळते. तिच्यात खरंच धणे असतात?

आंबवण

असतात. धणे आणि संत्र्याची साल, दोन्ही. माल्ट न केलेला गहू असतो म्हणून ती दुधट दिसते.

ही बियर जवळपास मेली होती. बेल्जियमच्या हूगार्डन गावातली शेवटची विटबियर ब्रुअरी १९५०च्या दशकात बंद पडली. त्याच गावात दूध घालणारे पीएर सेलिस लहानपणी त्या ब्रुअरीच्या शेजारी राहिलेले, तिथे हाताखाली काम केलेले. त्यांनी आठवणीच्या जोरावर १९६०च्या दशकाच्या मध्यात ती पुन्हा बनवायला घेतली. १९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली, पैशासाठी मोठ्या कंपनीला भागीदार करून घ्यावं लागलं, पुढे सगळंच तिच्याकडे गेलं. सेलिस अमेरिकेत टेक्ससला गेले आणि तिथे पुन्हा नव्याने ब्रुअरी काढली. आज पुण्यात ज्या ग्लासाला आपण बेल्जियन विट म्हणतो, तो या एका दूधवाल्याच्या हट्टामुळे आहे. मी दर वेळी धणे कुटताना त्यांची आठवण काढतो.

धण्यांबद्दल मुद्दाम सांगतो. युरोपातले धणे गोल, आपले लांबट. आपल्या धण्यांना लिंबाच्या अंगाचा वास जास्त असतो आणि परदेशातले कितीतरी ब्रुअर भारतीय किराणा दुकानातून लांबट धणे शोधून आणतात. मी मार्केट यार्डातून घेतो. भाजत नाही, भाजले की आमटीकडे जातात. जाडसर कुटतो आणि उकळी संपायला पाच मिनिटं असताना टाकतो. संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा केशरी पापुद्रा, आतला पांढरा भाग कडवट करतो.

हातसडी

म्हणजे विटबियरसोबत कोथिंबीर वडी! एकाच रोपाचं बी ग्लासात आणि पान ताटात. हे करून बघणार.

पाऊसवेडा

मला ‘कुबट’ सुचवायचाय. जुन्या ओर्वालसाठी. पावसाळ्यात न वाळलेल्या सतरंजीचा वास.

ताम्हण

कुबट म्हणजे वाईटच ना? त्या वासाची सतरंजी मी तर पुन्हा धुते.

आंबवण

इथे जरा जपून. कुबट वास ब्रेटचाही (म्हणजे ब्रेटानोमायसिसचाही) येतो आणि बियर बिघडल्याचाही येतो, आणि दोन्ही वेगळे. बाटलीत हवा शिरून बियर शिळी झाली की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. नुकतंच पार्सल पावसात भिजलं असावं तसा. तो दोष. त्याला मी ‘पुठ्ठट’ म्हणतो, आमच्या ब्रुअरीत हा शब्द रुळलाय. ब्रेटच्या वासात ओल असते, पण तिच्या खाली काहीतरी उबदार असतं, जनावराच्या अंगासारखं. म्हणून मला सांगलीकरांची गंजी सर्वांत अचूक वाटते: ओल आणि ऊब दोन्ही आहेत तिच्यात.

मांडवी

ओल आणि ऊब. पटलं.

गव्हाळ

मित्राला हा प्रतिसाद वाचून दाखवला. त्याने लगेच गावी काकांना फोन केला, गंजी अजून रचतात का विचारायला. रचतात.

खाण्याचं राहिलं होतं. आम्ही ओर्वालसोबत मठाचंच चीज घेतलं, त्यावर थोडी मोहरीची चटणी. ते उत्तम जमलं. खारे शेंगदाणेही जमले. बहिणीने आणलेला लसणीचा तिखट चिवडा मात्र काढून ठेवावा लागला, ताज्या बाटलीच्या कडूपणाने तिखट दुप्पट भडकतं. तोच चिवडा तीन वर्षांच्या बाटलीसोबत पुन्हा काढला तर छान लागला, कारण कडूपणा उरलेलाच नव्हता.

पाऊसवेडा

आज आम्ही पाच जणांनी पुण्यात करून पाहिलं. ओर्वाल नाही मिळाली, म्हणून विटबियर. एक ग्लास लगेच प्यायला, दुसरा पंचवीस मिनिटं टेबलावर ठेवला. वास सांगायला फक्त मराठी. पहिल्या ग्लासाला सगळे मिळून दोन शब्द निघाले: गार, आंबटसर. दुसऱ्याला मी कागदावर उतरवले ते जसेच्या तसे देतो:

कोवळ्या धण्याची हिरवी बोंडं. पिठाच्या गिरणीत शिरल्यावर येतो तो पिठूळ वास. पिकायला आलेलं वेलची केळं. मोसंबीची साल. उसाच्या गुऱ्हाळाबाहेरची हवा (यावर दोघांचं एकमत झालं नाही). आणि आमच्यातल्या एकाने डोळे मिटून सांगितलेलं, “आईने सकाळी ताक घुसळल्यावर रवीला जे लागलेलं असतं, ते.”

हातसडी, कोथिंबीर वडी होती. आठ केल्या होत्या, कमी पडल्या.

हातसडी

पुढच्या खेपेला मी करून आणते. शनिवार कोणता ते सांगा.